गोड लागतंय का?

तमाम जनतेस, आणि त्यातही पेण ते रोहे या पट्ट्यात तोंड असलेल्या सर्वांस, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की माणसाचा चेहरा ही कायमची वस्तू नाही. सकाळी होता तो दुपारी जेवणानंतर तसाच राहील, याची हमी कोणीही देऊ नये. हे तत्त्वज्ञान नव्हे. भर मांडवात, प्रमुख पाहुण्यांच्या समोर, ठेवणीतल्या साड्या नेसून आलेल्या बायकांच्या साक्षीने हे सिद्ध झालेलं आहे. सिद्ध करणारी व्यक्ती आजही धडधाकट आहे. माइक माझ्या हातात होता, तेव्हा हकिगत मीच सांगणं योग्य. लहान मुलांना पुढे बसू द्या.

मी रोह्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात आहे. माहेर पेणचं, सासर रोह्याला लागूनच्या अष्टमीचं. लोक विचारतात, कंपनीत काय बनवता? मी सांगते, आम्ही वाळू दळतो. लोकांना वाटतं मी टाळतेय, म्हणून ते पुन्हा विचारतात आणि मी पुन्हा तेच सांगते. पण ते खरंच आहे. ही वाळू आपल्या खाडीतली नाही. ती लांबून, वजनदार पोत्यांतून येते, आणि आमच्याकडे तिचं तांदळाच्या पिठापेक्षा बारीक पीठ होतं. तुमच्या न्हाणीघरातल्या फरशीवर जी चकाकी असते, तिच्यात हे पीठ असतं.

आता या वाळूत निसर्गाने स्वतःच्या हाताने चिमूटभर किरणोत्सर्गी द्रव्य मिसळून ठेवलंय. पोत्याशेजारी तुम्ही उभे राहिलात तर फार काही होत नाही. मोजायचं यंत्र जरा कुरकुरतं, इतकंच. पण दळल्यावर जी धूळ उडते ती श्वासाबरोबर छातीत जाऊ द्यायची नाही. नवीन कामगारांना मी असं समजावते की ही धूळ बाहेर आहे तोवर पाहुणा आहे, आत शिरली की जुना भाडेकरू. काही केल्या जागा सोडत नाही, आणि तिथे बसून घराची नासधूस करते.

म्हणून मास्क. कापडाचा नव्हे. रबराचा, नाकापासून हनुवटीपर्यंत घट्ट बसणारा, दोन्ही गालांवर दोन जाड गोल चकत्यांसारखे फिल्टर. त्याआधी लोक तोंडाला रुमाल बांधायचे. पेणला आमच्या आळीत गणपतीचे कारखाने, तिथेही सगळे रुमालच बांधायचे, आणि संध्याकाळी रुमाल सोडला की मिश्या पांढऱ्या निघायच्या. रुमालाने धूळ अडत नाही, मन तेवढं शांत होतं. पण त्याच आळीत मी एक गोष्ट शिकले होते. साच्यातून काढलेल्या मूर्तींचे चेहरे सारखे असतात, रंगवणाऱ्यांचे नसतात. कोणाचं नाक धारदार, कोणाचे गाल बसके. तेव्हा एक मास्क सगळ्यांना बसणार नाही. कोणाला कुठला बसतो ते तपासायला हवं. ते तपासणं माझं काम.

तपासणी पाहायला मोठी गमतीची. माणसाने मास्क चढवायचा. मग त्याच्या डोक्यावर पारदर्शक खिडकी असलेलं एक मोठं टोपडं घालायचं. टोपड्याला भोक असतं, त्यातून मी आत एका गोड पाण्याचा फवारा मारते. मास्क नीट बसला असेल तर माणसाला काहीच लागत नाही. फट असेल तर जिभेवर गोडवा येतो. जिथून गोड आत येतं तिथून धूळही येणार. म्हणजे गोड लागलं की नापास, आणि नापास माणसाला गिरणीच्या खोलीत पाऊल टाकायला बंदी. फवारा चालू असताना त्याने खोल श्वास घ्यायचा, मान डावी-उजवी करायची, वर-खाली करायची, कमरेत वाकायचं आणि मोठ्याने बोलायचं, कारण कामावर माणूस हे सगळं करतो. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, या बाईने कोणाच्या तरी अंगात आणलंय.

पहिल्या दिवशी झाडून सगळे नापास झाले.

मी फवारा मारायचे आणि विचारायचे, "गोड लागतंय का?"

"व्हय मॅडम, झकास."

पुढचा. "गोड लागतंय का?"

"हाय की. जरा साखर कमी हाय, पण चालंल."

आमचे सुरक्षा अधिकारी पुण्याचे. त्यांच्या कपाळावर घाम. "सर्वच्या सर्व मास्क सदोष आहेत असं दिसतंय," असं म्हणत ते मास्क पुरवणाऱ्याला फोन लावायला निघालेसुद्धा. एवढ्यात शेवटच्या माणसाला मी फवारा मारायच्या आधीच, सवयीने, विचारून बसले, "गोड लागतंय का?" आणि तो टोपड्याच्या आतून आदबीने म्हणाला, "लय छान झालंय, मॅडम."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे एखाद्या बाईने काहीतरी पुढे केलं आणि गोड झालंय का विचारलं, तर कोणी नाही म्हणतं का? खिरीत मीठ पडलं असलं तरी म्हणत नाही. ही सगळी माणसं तिथे चाचणी देत नव्हती, माझा पाहुणचार गोड मानून घेत होती. साहेबांना मी हे समजावलं. ते म्हणाले, "पण हे शास्त्रीय नाही." मी म्हटलं, "साहेब, शास्त्रापेक्षा जुनं आहे." दुसऱ्या दिवसापासून मी प्रश्न बदलला. आधी मास्क न घालता चव दाखवायची, आणि मग नुसतं विचारायचं, काय लागतंय? त्यानंतर गाडी रुळावर आली.

आता येतात आपले नायक. ते आमच्या गिरणीवरचे सगळ्यात जुने ऑपरेटर, सगळे त्यांना दादा म्हणतात. पेणजवळच्या खाडीकाठचे, मिठागरवाल्यांच्या घरातले. आता रोह्याजवळ वरशाला घर केलंय. चारचौघांत ते मला मॅडम म्हणतात आणि कोणी नसलं की 'गो बाय', कारण मी त्यांच्या गावच्या बाजूची. गिरणीला ते 'ती' म्हणतात. ती आज तापली, ती आज रुसली. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, एकदा कंपनीच्या हळदीकुंकवात मला सांगितलं होतं, "घरात मी हाक मारते ती ऐकू येत नाय. तिकडं ती जरा खोकली की हे पळत सुटतात."

दादा चाचणीला आले ते लग्नाला आल्यासारखे. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, मानेला पावडर, आणि तोंडभर पांढरंशुभ्र हसू. मी म्हटलं, "दादा, फोटो नाही काढायचाय."

"असू दे गो बाय. परीक्षेला जायचं तर माणसासारखं जावं."

मधल्या मापाचा मास्क त्यांना असा बसला की जणू त्यांच्यासाठीच ओतलेला. मोठ्याने बोलायची वेळ आली तेव्हा त्यांनी टोपड्याच्या आत एकट्यानेच बाजार भरवला. कोळीण तेच, गिऱ्हाईक तेच. "बोंबील कसे दिले गो?" "घेतोस का नुसता वास घेतोस?" असं भांडण रंगवलं, की बाहेर उभे असलेले हसून वाकले. काय लागतंय विचारलं तर म्हणाले, "काय नाय." पास.

काही आठवडे गेले. एकदा शिफ्ट सुटताना मी हात धुवायच्या जागेपाशी उभी होते. दादांनी मास्क काढला, आणि मला त्यांच्या ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपासून खाली हनुवटीपर्यंत दोन पांढऱ्या रेघा दिसल्या. मांजराच्या मिश्यांसारख्या. मास्कच्या आतला चेहरा स्वच्छ असायला हवा. तिथे पीठ, म्हणजे आत वाट आहे.

मी तशीच पुढे झाले. "दादा, मास्क गळतोय."

त्यांनी ओठ आवळूनच उत्तर दिलं, "घामाचं मीठ हाय ते. आमी मिठागरवाले. आमच्या अंगातनं मीठच निघतं."

गिरणीवर असताना ते नेहमी असंच तोंड मिटून बोलायचे. धुळीच्या जागी तोंड कमी उघडावं हे मीच शिकवलेलं, त्यामुळे मला त्यांचं उलट कौतुकच वाटायचं. असो. मी त्यांना पुन्हा चाचणीला बोलावलं. दुसऱ्या दिवशी स्वारी हजर. इस्त्री, तेल, पावडर, हसू. बोंबलांचा बाजार. काय लागतंय? काय नाय. पास! आणि पुढच्या शिफ्टला पुन्हा मिश्या.

मी पट्टे बदलले. फिल्टर बदलले. अख्खा मास्क नवीन दिला. पुन्हा तपासलं, पास. पुन्हा मिश्या. मी साहेबांकडे गेले.

"चाचणी उत्तीर्ण आहे ना? मग प्रश्न कुठे आहे?"

"प्रश्न गालावर आहे, साहेब."

साहेबांनी येऊन स्वतःच्या डोळ्यांनी मिश्या पाहिल्या आणि निर्णय दिला. कारण सापडलं तर ठीक, नाहीतर सुरक्षा सप्ताह संपला की दादांना गिरणीवरून काढून गेटवर बसवायचं. धुळीपासून लांब. निर्णयात चुकीचं काहीच नव्हतं. दादांनी तो ऐकला आणि ते भडकले. "गेटवर? मी काय तुळशीची कुंडी हाय, दारात ठेवायला?"

साहेब गेल्यावर मात्र आवाज खाली आला. "गो बाय, तू कायपण कर, पन मना तिच्यापासनं काढू नको. गेटवर मी काय ऐकू? गाड्यांचे भोंगे?"

मी तरी काय करणार? गिरणीवर ठेवावं तर छातीत भाडेकरू, गेटवर बसवावं तर माणूस झुरणार. आणि कारण सापडेना. चाचणीत एक चेहरा आणि कामावर दुसरा, हे कोडं माझ्या डोक्यातून जाईना. घरी भाकरी थापताना मी तव्यावरच्या भाकरीचे काठ दाबून पाहायचे, वारा कुठून निसटतो म्हणून. सासूबाई म्हणाल्या, "गो, भाकरी खायची हाय, तपासायची नाय."

सुरक्षा सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना बोलावतात. मांडव, भाषणं, बक्षिसं, जेवण. मी ठरवलं की मंचावर मास्कचं प्रात्यक्षिक करायचं आणि त्यासाठी दादांनाच उभं करायचं. लोकांना वाटेल मान दिला. खरा हेतू वेगळा होता. मला त्यांना एकदा भरपूर मान फिरवायला लावून, भरपूर बोलायला लावून, फट कुठे पडते ते अगदी जवळून बघायचं होतं. दादा खूश. वहिनी दोन दिवस आधीपासून शेजारणींना सांगत होत्या, "आमचे हे इस्टेजवर हायत."

ठरलं असं होतं की आधी प्रात्यक्षिक, मग जेवण. पण प्रमुख पाहुणे हायवेवर खांब गावाच्या अलीकडे गाड्यांच्या रांगेत अडकले. लोक भुकेजले, मुलं रडायला लागली, शेवटी साहेबांनी पंगत बसवली. वालाचं बिरडं, पुऱ्या, भात, जिलबी, आणि पेणचे पोह्याचे पापड. पापड मी स्वतः माहेराहून मागवले होते, हे इथे मुद्दाम सांगते, कारण पुढच्या सगळ्या अनर्थाला ते पापड कारणीभूत आहेत.

पंगत निम्म्यावर आली आणि पाहुणे अवतरले. त्यांना लगेच पुढच्या कार्यक्रमाला जायचं होतं. "जे काय दाखवायचं ते आत्ताच दाखवा," असा हुकूम झाला. दोघांनी दादांना पानावरून उठवलं, चूळ भरायला लावली आणि मंचाकडे ओढत आणलं. दादांनी तोंडासमोर रुमाल धरलेला. एका हाताने ते शर्टाचा खिसा चाचपत होते आणि मान उंच करून बायकांच्या रांगांकडे खुणा करत होते. आधी तोंडाकडे बोट, मग वहिनींकडे बोट, मग पुन्हा तोंडाकडे. वहिनींनी मान डोलावली आणि एका बाईबरोबर पाण्याचा पेला पाठवला. दादांनी पेल्याकडे असं पाहिलं, जसा बुडणारा माणूस पाण्याकडे पाहतो.

मला वाटलं, मंचाची भीती वाटतेय. मी म्हटलं, "घाबरू नका दादा, घ्या, चढवा." त्यांनी पाठ फिरवून, रुमालाच्या आडोशाने, झटकन मास्क चढवला आणि पट्टे असे आवळले की डोळे बाहेर आले.

मी माइक हातात घेतला. अहाहा! मला माइक द्या आणि समोर माणसं बसवा, मग मला पगार नको. टोपडं घातलं, फवारा मारला आणि सांगायला सुरुवात केली. "माता-भगिनींनो, हा मास्क म्हणजे दाराची कडी नाही, हा दाराचा उंबरठा, चौकट, सगळं काही आहे. तो गालाला चिकटून बसला पाहिजे. गाल जरा जरी आत गेला, तरी धूळ वाट काढते! दादा, काय लागतंय?"

आतून आवाज आला, "का... य नाय."

पण खिडकीतून मला त्यांचे डोळे दिसत होते. लहान मुलाने देवघरातला पेढा तोंडात टाकावा आणि नेमकी आई समोर यावी, तसे डोळे.

"मान फिरवा." फिरवली. मास्कच्या कडेने 'फुर्र' असा आवाज आला. पुढच्या रांगेतली मुलं खिदळली. "वाका." वाकले. फुर्र, फुर्र. "आता बोला. बोंबलांचा बाजार होऊ दे!"

दादांनी सुरुवात केली. पण हा त्यांचा नेहमीचा बाजार नव्हता. शब्द ओले आणि गोलमटोल येत होते, कोळणीचं भांडण कोणीतरी गोधडीखालून करतंय असं वाटत होतं. आणि प्रत्येक 'बोंबील'ला मास्क गालावरून वर उचलला जात होता आणि परत टेकत होता. फट कुठे पडते ते पाहायचं होतं ना? दोन्ही कोपऱ्यांत, अगदी मिश्यांच्या जागी, मला ती लख्ख दिसली. का पडते ते मात्र अजून कळत नव्हतं. पाहुण्यांना हा विनोदी कार्यक्रम वाटला आणि ते टाळ्या वाजवत होते. साहेब खाली उभे होते, ते टाळ्या वाजवत नव्हते. दादांना साहेब दिसत होते, आणि साहेबांच्या मागे, उघड्या दारातून, गेट.

मी पुन्हा फवारा मारला. माइक बाजूला धरायला हवा होता, पण तेवढं भान राहिलं नाही. "दादा, खरं सांगा. गोड लागतंय का?"

टोपड्याच्या आतून नुसतं एक फुर्र.

इथे मी गोष्ट क्षणभर थांबवते, कारण पुढे जे झालं त्याच्यानंतर कोणी माझं ऐकणार नाही. तर आधीच सांगून टाकते. दादा आजही गिरणीवरच आहेत. डॉक्टरांनी त्यांची छाती कसून तपासली, अजून कोणी भाडेकरू राहायला आलेला नाही. त्यांची चाचणी आम्ही पुन्हा घेतली, नेहमीच्या अवतारात, कामावर जसे असतात तसे, आणि तेव्हा कळलं की त्यांना लहान मापाचा मास्क लागतो. तो दिल्यापासून मांजराच्या मिश्या पुन्हा उगवल्या नाहीत. कामावर तसे का असता, असं विचारलं तेव्हा म्हणाले, "ती सुरू झाली की हादऱ्यानं माझं सगळं तोंड वाजायला लागतं. दोगांनी एकदम बोलायचं म्हंजे कसं?" साहेबांनी तपासणीच्या खोलीबाहेर पाटी लावली आहे: 'चाचणीस नटून येऊ नये.' पाटी लागली त्याच दिवशी आणखी दोघे आपण होऊन आले आणि कबूल करून गेले की एरवी ते चार-चार दिवस दाढी करत नाहीत, चाचणीच्या सकाळी तेवढी गुळगुळीत केली होती. खुंट असले की मास्क गालावर टेकतच नाही, हे त्यांना माहीत होतं. पण परीक्षेला माणसासारखं जावं ना! मी त्यांना काय बोलणार? आमच्याकडे पाहुणे यायचे असले की मीसुद्धा चादरी बदलते.

दादा त्या क्षणी खरं बोलले असते की खोटं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारणारही नाही. त्यांना उत्तर द्यावंच लागलं नाही.

कारण बायकांच्या तिसऱ्या रांगेत वहिनी उभ्या राहिल्या. एका हातात जिलबीची बशी, दुसऱ्या हातात छातीशी धरलेली पर्स. गाल आत गेला तर धूळ शिरते, हे माझं वाक्य त्यांनी नीट ऐकलं होतं. मघापासून नवरा तोंडाकडे बोट दाखवून काय मागत होता, तेही आत्ताच त्यांच्या ध्यानात आलेलं. एवढी वर्षं शेजारणींपासून, व्याह्यांपासून, सगळ्या कंपनीपासून लपवलेली गोष्ट आपण फोडतोय, हे मात्र ध्यानात यायचं राहून गेलं. मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत जाईल अशा आवाजात त्या ओरडल्या,

"अवो, गोड लागंल नाय तर काय व्हईल! पापड खाताना काढून दिलेले तुमचे दात माझ्या पर्शीत हायत!"